घर चिमूरचे, घड्याळ न्यूयॉर्कचे

‘मुलगा काय करतो?’ हा आपल्या समाजातील एक अत्यंत जुना आणि अत्यंत उपयुक्त प्रश्न आहे. लग्नाच्या बैठकीत, एस.टी.च्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, कोठेही दोन अनोळखी माणसे शेजारी बसली की पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्यावर हा प्रश्न निघतोच. पूर्वी त्याची उत्तरेही सरळ असत. मुलगा तहसील कचेरीत कारकून आहे, वनखात्यात गार्ड आहे, प्राथमिक शाळेत मास्तर आहे, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात फिटर आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच काही चित्र उभे राही. आता उत्तर येते, ‘तो आयटीत आहे.’ आणि मग दोघेही गप्प होतात. विचारणाऱ्याला पुढे काय विचारावे ते सुचत नाही आणि सांगणाऱ्यालाही त्यापुढचे ठाऊक नसते. पगाराचा आकडा ठाऊक असतो, शहराचे नाव ठाऊक असते. काम तेवढे ठाऊक नसते.

मी चिमूरला मराठी शिकवते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी एकदा सहज विचारले, ‘मुलगा पुण्याला नेमके काय करतो हो?’ चार एकर धानाची शेती सांभाळणारा हा जाणता माणूस. क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘कंपूटरवर बसते जी, मॅडम.’

मराठी शिकविणाऱ्या बाईचे लक्ष आधी क्रियापदाकडे जायचे. शेतकरी पेरतो, सुतार रंधा मारतो, लोहार घडवतो, शिंपी बेततो. आपल्या भाषेने प्रत्येक कष्टाला त्याचे स्वतःचे क्रियापद दिले आहे. दिवसाचे दहा-बारा तास राबणाऱ्या या नव्या कामगाराला मात्र एकच क्रियापद मिळाले आहे, ‘बसतो’. ज्या कामाला भाषेत नाव मिळत नाही, त्या कामातल्या दुःखालाही घरात नाव मिळत नाही. या लेखाचा विषय तेच दुःख आहे.

चिमूर ते हिंजवडी

चिमूर हे नाव वाचकांपैकी पुष्कळांना १९४२ मुळे ठाऊक असेल. त्या वर्षी १६ ऑगस्टला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, हे गाव इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले. त्यानंतर लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. आज चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. माघात बालाजीची घोडायात्रा भरते, तेव्हा पंचक्रोशी लोटते. एकीकडे धानाच्या बांध्या, दुसरीकडे सोयाबीन-कापूस आणि दक्षिणेला ताडोबाचे जंगल, असा हा मुलूख. पिकले तर पोटापुरते, नाही तर बँकेची नोटीस. त्यात वाघाचे भय. पहाटे शेतावर निघालेल्या माणसाच्या वाटेकडे घरातले डोळे लागलेले असतात.

अशा घरातला मुलगा नागपुरास किंवा चंद्रपुरास जाऊन अभियांत्रिकीची पदवी घेतो, नाही तर बी.एस्सी. करून संगणकाचा एखादा अभ्यासक्रम पुरा करतो. मग नागपुराहून रात्रीची ट्रॅव्हल्सची गाडी पकडून तो पुण्याला उतरतो. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात हिंजवडी आणि माण ही गावे आहेत. एके काळी तिथेही शेतेच होती. औद्योगिक विकास महामंडळाने त्या शेतांवर माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत वसविली आणि साऱ्या महाराष्ट्रातील, किंबहुना साऱ्या देशातील शिकलेल्या मुलांची वाट तिकडे वळली.

या धंद्याचा महाराष्ट्राशी संबंध काही कालचा नाही. टाटांची कन्सल्टन्सी मुंबईत निघाली ती १९६८ साली. इन्फोसिसचा जन्म १९८१ साली पुण्यातच झाला. ती पुढे बंगळूरला गेली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम’ हा महासंगणक बांधला. त्याचे सूत्रधार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा नावाच्या लहानशा गावचे. वऱ्हाडातल्या खेड्यातून जगाच्या पाटीवर नाव लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून आपली मुले या वाटेने निघाली यात त्यांचे काही चुकले असे कोणी म्हणू नये.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. ताडोबाचे कोलारा प्रवेशद्वार आमच्या चिमूर तालुक्यात आहे. सुटी लागली की पुण्यामुंबईच्या मोटारी तिथे रांगा लावतात. त्यांत आयटीतली मंडळी पुष्कळ. चार दिवस झाडे बघावी, मोकळी हवा घ्यावी, एखादा वाघ दिसला तर जन्माचे सार्थक मानावे, म्हणून ती येतात. त्याच वेळी कोलाऱ्याच्या परिसरातली मुले त्यांनी सोडलेल्या खुर्च्यांच्या शेजारच्या खुर्च्या मिळविण्यासाठी पुण्याची गाडी धरीत असतात. दोघांनाही आपापले घर सोडून दुसऱ्याच्या घरी सुख शोधावेसे वाटते.

नव्या धंद्याचा नवा कोश

कोणत्याही धंद्याचे अंतरंग त्याच्या शब्दांत सापडते. या धंद्यातले शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांकडून गोळा केले आहेत. त्यातले काही मासलेवाईक आहेत.

पहिला शब्द ‘रिसोर्स’. ‘आम्हाला चार रिसोर्स हवेत’ असे साहेब म्हणाला म्हणजे त्याला चार माणसे हवी असतात. कोळसा, पाणी, लाकूड यांना आपण साधनसंपत्ती म्हणतो. त्या ओळीत आता माणूस जाऊन बसला आहे. दुसरा शब्द ‘बेंच’. हातचे काम संपले आणि दुसरे मिळाले नाही की माणूस ‘बेंचवर’ जातो. पगार चालू असतो, पण काम नसते. शाळेतल्या शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा खुशीत असतो. या बाकावर बसणाऱ्याला झोप लागत नाही, कारण महिना-दोन महिन्यांत काम मिळाले नाही तर पुढची पायरी दाराबाहेरची असते. तिसरा शब्द ‘तिकीट’. ग्राहकाची एक तक्रार म्हणजे एक तिकीट. दिवसात किती तिकिटे ‘बंद’ केली यावर माणसाची किंमत. चौथा शब्द ‘ॲट्रिशन’, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण. त्याला मराठीत ‘गळती’ म्हणतात. शाळा सोडणाऱ्या मुलांना लावतो तोच शब्द.

आणि पाचवा शब्द तर आता आपल्या सर्वांच्याच तोंडी आहे, ‘डेडलाइन’. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, कैद्यांच्या छावण्यांत कुंपणाच्या आत एक रेघ आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकऱ्याने गोळी झाडावी, असा हुकूम होता. त्या रेघेचे नाव डेडलाइन. कामाच्या मुदतीला हा शब्द ज्याने प्रथम लावला, त्याने कदाचित विनोदाने लावला असेल.

लक्ष्मीपूजनाची वेळ

या कामाच्या तासांचा हिशेब एकदा समजून घ्यावा. काम करवून घेणारा ग्राहक बहुधा अमेरिकेत किंवा युरोपात असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबरात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळे तासभर मागे घेतात. मग तेच साडेसात होतात. साऱ्यांनाच रात्रपाळी असते असे नाही, परंतु सकाळी नऊला कचेरीत गेलेल्या मुलालाही रात्री ‘कॉल’ असतो, कारण ज्याच्याशी बोलायचे त्याचा दिवस तेव्हा उजाडतो. सकाळची हजेरी आपल्या घड्याळाने आणि रात्रीची त्यांच्या घड्याळाने, अशी दोन घड्याळांची चाकरी एका पगारात चालते.

आता लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त बघा. दिवेलागणीची वेळ, म्हणजे बरोबर न्यूयॉर्कची सकाळ. आपण पाटावर लक्ष्मी मांडतो, तेव्हा तिकडे कचेऱ्यांची दारे उघडतात. एका घरी मी पाहिले, सासूबाई निरांजन घेऊन उभ्या, पोरे फुलबाज्यांसाठी उतावीळ आणि सून कानाला यंत्र लावून आरतीत टाळ्या वाजवते आहे. तिने आपला आवाज तिकडे जाऊ नये अशी कळ दाबून ठेवली होती. तिकडचा आवाज मात्र तिच्या कानात येत होता. आरती चालू असताना तिचे डोळे देवीवर होते आणि कान कुठल्याशा विमा कंपनीच्या हिशेबावर. मध्येच तिने हातानेच सर्वांना थांबण्याची खूण केली, कळ दाबली, इंग्रजीत दोन वाक्ये बोलली आणि पुन्हा टाळ्या सुरू केल्या. घरातले कोणी काही बोलले नाही. त्या घराचा हप्ता याच लक्ष्मीवर चालतो, हे सर्वांना ठाऊक होते.

या श्रमाचा शरीरावर काय परिणाम होतो हे आता अंदाजाचे राहिलेले नाही. आठवड्यास पंचावन्न किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका पस्तीस टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका सतरा टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्रितपणे जाहीर केले. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास सत्तर तास काम करावे असा उपदेश केला. आणि २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे विचार बाहेर आले, ते तर नव्वद तासांवर गेले. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, अशा अर्थाचा प्रश्नही त्यांनी केला. बायकांना याबाबत काय वाटते, हे त्यांना कोणी विचारल्याचे वाचनात आले नाही.

परात्मता म्हणजे काय?

कार्ल मार्क्सने १८४४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, काही टिपणे लिहून ठेवली होती. ती छापून आली १९३२ मध्ये. त्यांत त्याने एक कल्पना मांडली. तिला आपल्याकडील विद्वानांनी ‘परात्मता’ असा जड शब्द दिला आहे. शब्द जड असला तरी अर्थ सोपा आहे. कामगार जी वस्तू बनवतो ती त्याची राहत नाही. ज्या रीतीने बनवतो ती रीतही त्याची नसते. त्यामुळे तो स्वतःच्या माणूसपणाला पारखा होतो आणि अखेर शेजारच्या माणसालाही पारखा होतो. मार्क्सचे बाकीचे सर्व पटलेच पाहिजे असे नाही, पण हे चार धागे आमच्या मुलांच्या आयुष्याला लावून बघावेत.

आमच्याकडचा कुंभार मडके घडवतो, तेव्हा ते कोणाच्या घरी गेले हे त्याला माहीत असते. हिंजवडीतला मुलगा दोन वर्षे एका प्रचंड यंत्रणेचा एक बारीक तुकडा दुरुस्त करीत असतो. ती यंत्रणा दूरच्या एखाद्या बँकेची असते. त्या बँकेची पायरी तो कधी चढणार नसतो आणि त्याने केलेल्या दुरुस्तीमुळे कोणाचे काय भले झाले, हेही त्याला कोणी सांगत नाही. एक मुलगी मला म्हणाली, ‘मॅडम, आईला दाखवायला माझ्याजवळ काहीच नाही.’ शिवणकाम करणारी तिची मैत्रीण आईला झंपर दाखवू शकते. ही काय दाखवणार?

आणि शेजाऱ्याचे म्हणाल तर वाकडच्या एका खोलीत तीन मुले राहत होती. तिघांच्या तीन पाळ्या. एक झोपलेला, एक निघालेला, एक यायचा. एकाच छताखाली राहून आठवडा आठवडा एकमेकांशी बोलणे नाही. चिठ्ठ्यांवर संसार! तिघेही विदर्भातले आणि तिघांनाही घरच्या तर्री-पोह्याची आठवण येई. पण एकत्र बसून ते खाण्याचा योग महिन्यातून एकदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने २०२५ साली सांगितले की जगातल्या दर सहा माणसांत एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे. या खोलीत तर तिघांपैकी तिघेही होते.

दुसरी बाजू

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या धंद्याने आमच्या तालुक्यातल्या कित्येक घरांवर स्लॅब घातले आहेत. सावकाराची आणि सोसायटीची कर्जे फेडली आहेत. शेतमजुराच्या मुलीला तिच्या स्वतःच्या नावावर पगार दिला आहे. तिचे लग्न तिला विचारून ठरू लागले आहे. पहिला पगार मात्र वाटतो तेवढा मोठा नसतो. वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास सुरुवात होते, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत महागाई कोठल्या कोठे गेली तरी हा आकडा फारसा हललेला नाही. तरीसुद्धा धानाच्या हंगामाशी तुलना केली तर महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारा पैसा ही मोठीच गोष्ट आहे.

२०२० सालची टाळेबंदी आली, तेव्हा ही मुले संगणक काखोटीला मारून गावी परतली. रेंज मिळावी म्हणून कोणी गच्चीवर बसे, कोणी गावाबाहेरच्या टेकाडावर. वीज गेली की सारा कारभार ठप्प. पण त्या पावसाळ्यात कित्येक मुलांनी सकाळी बांधीत उतरून रोवणीला हात लावला आणि दुपारनंतर ती ‘कंपूटरवर बसली’. आयांनी त्यांना त्या वर्षी पहिल्यांदा काम करताना पाहिले. पुढे कंपन्यांनी एकेकाला परत बोलावले. गावे पुन्हा रिकामी झाली.

बोटांचा आवाज

आता एक हकीकत सांगते. ती ज्याची आहे त्याने सांगण्याची परवानगी दिली आहे. नावगाव मात्र लिहीत नाही.

हा मुलगा माझ्या वर्गात होता. निबंध चांगले लिही. पुढे संगणकाकडे वळला, पुण्यात नोकरीला लागला आणि सहा वर्षे इमानाने राबला. एके दुपारी त्याला पडद्यावरच्या बैठकीत बोलावले. समोर दोन अनोळखी चेहरे. त्याच्या कामाची गरज उरली नाही, त्याने स्वतःहून राजीनामा द्यावा, म्हणजे पुढच्या नोकरीसाठी दाखला चांगला मिळेल, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले. बैठक अकरा मिनिटे चालली. सायंकाळपर्यंत त्याचा संगणक त्याला ओळखेनासा झाला होता.

त्याने घरी सांगितले नाही. बहिणीचे लग्न ठरत होते आणि बैठकीत ‘भाऊ आयटीत आहे’ हे वाक्य मोलाचे होते. भाडे परवडेना म्हणून तो ‘घरूनच काम करायला सांगितले आहे’ असे सांगून गावी आला. मग रोज दुपारी दोन वाजता तो माडीवर जाई, संगणक उघडी, कानाला यंत्र लावी आणि रात्री अकरापर्यंत बसून राही. अधूनमधून इंग्रजीत मोठ्याने बोले. पलीकडे कोणी नसे. चार महिने हा खेळ चालला. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरलेले असतानाही तो ‘काम आहे’ म्हणून वर एकटा बसून होता.

भाऊबीज झाल्यावर एका रात्री आई चहा घेऊन वर आली, त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, ‘नौकरी गेली नं?’ त्याला काही सुचेना. त्याने विचारले, ‘तुला कोणी सांगितलं?’ ती म्हणाली, ‘कोनी कायले सांगते? पयले तुया बोटाचा आवाज खालपर्यंत येत होता. आता येत नाही.’ आणि मग म्हणाली, ‘गेली तं गेली. तू तं हायेस ना!’

तो मला सांगत होता, की सहा वर्षांत माझ्या कामाचा आवाज कोणी ऐकत असेल, असे मला कधी वाटलेच नव्हते.

अशी मुले एक-दोन नाहीत. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ज्या कंपनीत लागलेला मुलगा ‘सरकारी नोकरीतच लागला’ असे लोक म्हणत, तिथली ही गोष्ट. शिवाय, शिकवलेले काम आता यंत्रे स्वतःच करू लागली आहेत. गिरणीतल्या माणसाने जे भय एकदा अनुभवले, ते आता पदवीधराच्या दारात आले आहे.

रविवार कोणी दिला?

गिरणीची आठवण निघाली आहे तर आपण ज्या रविवारी हा अंक वाचत असाल, त्या रविवारचा इतिहासही सांगावा. मुंबईच्या गिरणी कामगाराला पूर्वी आठवड्याची सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवली. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्यांत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्याच्या तावडीतून सुटून मालकाच्या तावडीत सापडला. दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. ज्या दिव्यांची आपण दिवाळीत आरास करतो, त्याच दिव्यांनी कामगारांची रात्र खाल्ली. मग १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ ने आठवडा साठ तासांचा, १९३४ ने चोपन्न तासांचा केला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९४६ साली तो अठ्ठेचाळीस तासांवर आला. बारा तासांवरून इथवर यायला पस्तीस वर्षे लागली. वाटेत संप झाले, लाठ्या खाल्ल्या गेल्या, चुली विझल्या.

आमच्या पदवीधर मुलांना हा इतिहास ठाऊक नसतो, कारण आपण कामगार आहोत असे त्यांना वाटतच नाही. गळ्यात ओळखपत्र, थंड हवेची कचेरी, इंग्रजी बोलणे. मग कामगार कसे? वास्तविक महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने, २०१७ साली, दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला. किती मुलांना हा दुप्पट दर मिळाला, हे त्यांनाच विचारावे. २०२४ साली पुण्यात सव्वीस वर्षांची एक तरुण हिशेबनीस नोकरी लागल्यावर काही महिन्यांतच मरण पावली आणि तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. सरकारी अधिकाऱ्यांनी कचेरीची तपासणी केली, तेव्हा या कायद्याखालची नोंदणीच नसल्याचे उघडकीस आले. त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकात आयटीचा दिवस चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव निघाला. संघटनांनी त्याला विरोध केला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने नऊ तासांचे दहा तास करण्यास मान्यता दिली. लोखंड्यांच्या महाराष्ट्रात घड्याळाचे काटे उलटे फिरू लागले, असे म्हणावे लागते.

दोन जागरणे

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. लेकीबाळी येतात, पाहुणे येतात आणि रात्री नाटक होते. वडसा हे या नाटक मंडळ्यांचे मोठे केंद्र. या रंगभूमीवरचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्री दहाच्या पुढे उभे राहते आणि तांबडे फुटेपर्यंत चालते. थंडीत घोंगड्या पांघरून, पोरांना मांडीवर घेऊन हजारो माणसे जागतात, हसतात, रडतात.

त्याच रात्री, त्याच वेळी, याच गावचा मुलगा हिंजवडीतही जागा असतो. जागरण दोघांचेही. गावचा माणूस सकाळी डोळे चोळत घरी येतो आणि पुढे आठ दिवस त्या रात्रीविषयी बोलतो. आमच्या मुलाला सकाळी बोलावेसे वाटत नाही, कारण बोलण्यासारखे काही घडलेलेच नसते. शरीर दोन्हीकडे थकते. पण चारचौघांत काढलेल्या रात्रीचा शीण दुपारच्या झोपेने जातो, एकट्याने काढलेल्या रात्रीचा साचत राहतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी आमच्याच तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात एकांतात साधना केली. पण तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी लोकांना एकांत शिकवला नाही. सामुदायिक प्रार्थना शिकवली. खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, आणि माणसांना संध्याकाळी एकत्र बसायला लावले. श्रम सर्वांनी मिळून करावे आणि दिवसाअखेरी सर्वांनी मिळून बसावे, हा त्यांचा साधा कार्यक्रम होता.

मग करावे काय?

मुलांना परत बोलवावे, असे मी म्हणणार नाही. इथे त्यांना देण्याजोगे काम आपल्यापाशी नाही. परंतु काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

कायद्याचे म्हणाल तर फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून, कामाची वेळ संपल्यावर साहेबाच्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदाराला दिला आहे. आपल्या संसदेत अशा आशयाचे खासगी विधेयक २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी मांडले होते. अशा गोष्टी मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि एकट्याने मागून तर मुळीच मिळत नाहीत. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आहेत. आपल्या मुलाने त्यांची वर्गणी भरली तर त्याला ‘भलत्या फंदात पडू नकोस’ असे सांगू नये. ज्यांनी हे फंद केले, त्यांच्यामुळेच आपल्याला रविवार मिळाला.

महाविद्यालयांनी मुलांना मुलाखतीला कसे बसावे हे शिकविण्याबरोबर नेमणुकीचे पत्र कसे वाचावे, तीन-तीन महिन्यांच्या नोटिशीची अट म्हणजे काय, जादा कामाचा मोबदला कसा मोजावा, हेही शिकवावे. त्याला फार तर दोन तास लागतील.

आणि घरच्यांनी? मुलाचा फोन आला की ‘जेवलास का’ आणि ‘पगार झाला का’ या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसरा प्रश्न घालावा, ‘आज काय काम केलंस?’ त्याने सांगितलेले सगळे कळणार नाही. कळले नाही तरी विचारावे. मुलीने पडद्यावर दाखवलेली आकड्यांची रांग चष्मा लावून बघावी आणि ‘हे तू केलंस?’ असे म्हणावे. दिवाळीत ती घरी आली आणि तिच्या कानाला यंत्र असले, तर आरती तिच्यासाठी अर्धा तास थांबवावी. लक्ष्मी एवढी घाईत नसते. मुलगा नोकरी गमावून आला, तर त्याच्या आयटीत असण्यापेक्षा त्याचे घरी असणे मोठे आहे, हे त्याला चार महिन्यांनी कळण्याऐवजी पहिल्याच दिवशी कळावे.

पणत्या लावताना यंदा एक पणती माडीवरही ठेवावी. तिथे कोणी एकटे बसले असेल, तर त्याला खाली बोलवायला ते एक निमित्त होईल.